लालासाहेबांची बोलकी पाखरं

मनुबाईंनी भाकरी तव्यावरून काढून आचेवर टेकवली, ती टम्म फुगली, आणि तेवढ्यात दार वाजलं. कडी नव्हे, तळहातानं थापटल्यासारखं. बाहेरच्या खोलीत लालासाहेब पिंजऱ्याखालचा पत्रा ओढून राळ्याची फोलकटं झटकत होते. त्यांनी मान वळवली नाही. दाराचा आवाज त्यांच्या वाट्यातून कधीचाच गेला होता.

पिठाच्या हातानं मनुबाईंनी दार उघडलं. शेजारच्या बिऱ्हाडातला नियाज उभा. डोळे लाल, गालावर उशीची घडी उमटलेली.

"मावशी, रात्रभर कारखान्यात प्रेस, आणि घरी आलं की तुमची पाखरं. मी झोपायचं कवा?"

मनुबाई चटकन बाहेर आल्या आणि कोपरानं दार मागे ओढून घेतलं. "हळू बोल की रं."

"हळू? आत नानांना काय ऐकू येतंय?"

"बारीक न्हाई येत. तुझा जाड आवाज येईल. म्हनून तर म्हंते."

कुपवाडच्या त्या दुमजली इमारतीत नियाजची झोपायची खोली आणि लालासाहेबांची बाहेरची खोली यांच्यात एकच भिंत होती. पिंजरा त्याच भिंतीला लागून.

"बायकू मला म्हनली, मावशीला सांगू नको, वाईट वाटंल. पन आज तिसऱ्या पाळीवरून आलो, डोळा लागला आणि यांचं भांडान सुरू. आज चुलते-पुतने वाटण्या करतायत का काय?"

एरवी मनुबाईंना हसू आलं असतं. आज नाही आलं. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्यांना ठावं न्हाई नियाज, पाखरं एवढा कालवा करत्यात ते. मी सांगितलंय, हळू किलबिलत्यात म्हनून. कळलं तर आजच्या आज पिंजरा रिकामा करतील ते. दुसऱ्याच्या झोपंवर उठायचा मानूस न्हवं त्यो."

झोपेनं जड झालेलं नियाजचं डोकं भिंतीला टेकलं.

लालासाहेब मूळचे माण तालुक्यातले. बरोबरीची पोरं मुंबईला गेली, हे कुपवाडला आले आणि पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर लागले ते रिटायर होईपर्यंत त्याच शेडमध्ये राहिले. कानात बोळा घातला तर शेजारच्या मशीनवरचा ओरडलेला कळायचा नाही, म्हणून कधी घातला नाही. कान एकदम नाही गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोनवरचं नातीचं बोलणं, मग मनुबाईंची स्वयंपाकघरातली हाक. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज उरलेत. बारीक गेलेत ते परत यायचे नाहीत.

कामावर होते तोवर निभावलं. घरी बसल्यावर ते भिंतीकडे बघत राहायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, निजा म्हटलं की निजायचे. घरात कोणी आलं की आपण होऊन आत जायचे. सारखं 'काय म्हनलास?' विचारायची त्यांना लाज वाटे.

मग सांगलीच्या बाजारातून त्यांनी एक दिवस पाखरांची जोडी आणली, हिरवा नर आणि पिवळी मादी. सगळी इमारत त्यांना लव्हबर्ड म्हणायची. लालासाहेब एकेकाला थांबवून सांगायचे, "लवबर्ड न्हाई, बजी म्हंत्यात. नाकावर निळं आसंल तर नर, तांबूस आसंल तर मादी." त्यांनी जाळी आणून ऐसपैस पिंजरा स्वतः बांधला, आत मडकी टांगली. जोडीच्या दोन जोड्या झाल्या, पुढं गोकुळच झालं. मक्याचं कोवळं कणीस लावलं की सगळ्यांची झुंबड उडायची. लालासाहेब समोर स्टूल टाकून तासन्‌तास बघायचे आणि एकटेच हसायचे.

तापही काही कमी नव्हता. फोलकटं उडून वरणात पडायची. गॅलरीतून बोका टपलेला असायचा. एका मादीचं अंडं अडलं तेव्हा लालासाहेबांनी तिला फडक्यात गुंडाळून छातीशी धरलं, दुपारचं जेवले नाहीत. मनुबाई म्हणाल्याच, "माझ्या बाळंतपनाला आवं तुमी पाळी सोडून आला न्हवता."

पण बोलायला त्यांना आता विषय मिळाला होता. ते मधेच विचारायचे, "आता काय म्हंत्यात गं?" मनुबाई भाजी निवडता निवडता सांगायच्या, "निळा बायकूची समजूत काढतोय. ती ऐकंना." त्यात खरा आवाज किती, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. कशाला सांगायचं? नवरा हसत होता.

आणि आज नियाज दारात.

"पिंजऱ्यावर चादर टाका की सकाळची," तो म्हणाला.

"टाकली हुती. हे अंघोळ करून आले आणि काढली. पिल्लं हायत, उजेड पायजे, म्हंत्यात."

तेवढ्यात मनुबाईंच्या पाठीमागचं दार उघडलं. लालासाहेबांच्या मिशीला एक पीस चिकटलं होतं. नियाजला बघून त्यांचा चेहरा उजळला. "आरं, पिल्लं बघाय आलास व्हय? मग भाईर का हुबा? ये गड्या, आत ये."

मनुबाईंनी नियाजकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. नियाज आत गेला.

आत सकाळचा बाजार भरात होता. लालासाहेबांनी मडकं हलकेच तिरपं केलं. तळाशी पिसं फुटू लागलेली पिल्लं एकमेकांच्या माना उशाला घेऊन पडली होती. नियाजला बघायचं नव्हतं, तरी तो वाकला.

"नाना, डोळे कवा उघडले यांचे?"

लालासाहेबांना कळलं नाही. नियाजनं पुन्हा विचारलं. वरच्या दांडीवर दोन नर एकमेकांवर तुटून पडले आणि खोलीत कर्कश गोंगाट उठला. नियाज पुढं सरकला, तळव्याचा आडोसा करून त्यानं तोंड लालासाहेबांच्या कानाशी नेलं आणि ओरडला. गळ्याच्या शिरा ताठ, एक डोळा मिटलेला, आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या कानात.

लालासाहेबांचा मडक्यावरचा हात थांबला. कानात बोट घालून माणूस असा कधी बोलतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. उभा जन्म शेडमध्ये ते तसंच बोलले होते.

त्यांनी मडकं सरळ केलं. "मी भैरा हाय म्हनून मानूस वरडतो. पन सोताच्या कानात बोट घालत न्हाई." मग मनुबाईंकडे वळून, "किती आवाज हाय?"

मनुबाई पदराला हात पुसत राहिल्या.

"मनू, मी काय इचारतोय?"

"लय हाय," त्या म्हणाल्या.

"प्रेसवानी?"

"तेवढा कुठला! पन हाय."

लालासाहेब स्टुलावर बसले. नियाजचे डोळे, गालावरची घडी, सगळं त्यांनी आता नीट पाहिलं. "तिसरी पाळी?"

नियाजनं मान हलवली.

"तवा पिल्लं बघाय न्हाई आलास तू." ते उठून मोठी पिशवी शोधू लागले. "दुकानदार परत घेतो. दिवसाची झोप काय आसती मला ठावं हाय. कान हुते तवा खालच्या मजल्यावर मिक्सर लावला म्हनून मी त्या बाईला काय काय बोललोय."

"नाना, मी असं म्हनलो का?" नियाज त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. आता त्याला ओरडावं लागत होतं आणि ओरडायची लाजही वाटत होती. "पिल्लांना पिशवीत घालता काय? मला पाप लागंल! जागा बदला, एवढंच!"

"मागच्या गॅलरीत न्हेऊ," मनुबाई म्हणाल्या. मग जवळ जाऊन, ओठ दिसतील असं सावकाश, "मागं. माझ्या ओट्यापल्याड. फोडनी घालताना धूर जाऊ नये म्हनून दार लावीन मी. बोक्याला दुहेरी जाळी मारा."

लालासाहेबांनी हातातली पिशवी खुंटीला अडकवली. नियाजनं आपण होऊन पिंजऱ्याची एक बाजू धरली. दोघांनी तो हळूहळू मागं नेला. पाखरं त्या प्रवासात एवढी ओरडली की खालच्या मजल्यावरून कोणी तरी वर डोकावलं. पिंजरा ठेवला आणि लालासाहेबांनी विचारलं, "आता तुझ्या खोलीत येतो का आवाज?"

नियाज घरी जाऊन ऐकून आला. "येतो, पन बारीक. चालंल. झोप लागंल."

"बारीक येतो न्हवं? मग बेस झालं." लालासाहेब पिंजऱ्याकडे बघत म्हणाले, "पिवळी गेली ना माझी, थंडीत. पाखरू आजारी पडलं की आदी बोलायचं थांबतं, दुकानदारानं सांगितलेलं. मला ते कळायचं कसं? पिसं फुगवून खाली बसली तवा दिसलं. तवर उशीर झालेला."

"मावशीला विचारायचं की," नियाज मोठ्यानं म्हणाला.

"हिला इचारून उपेग न्हाई. ही माझ्या मनासारखं सांगती."

तव्यावर भाकरी नव्हती, तरी मनुबाई तव्याकडे बघत होत्या.

लालासाहेबांनी नियाजच्या खांद्यावर हात ठेवला. "तू खरं सांगशील. आवाज आला तर झोप खुशाल. पन ज्या दिवशी येनार न्हाई, त्या दिवशी तेवढं मला येऊन सांग."