पिल्लांवरची काच

शिरीष गेला त्या सकाळी मी त्याच्या पिल्लांचं अन्न मोरीत ओतून दिलं. वर त्या अन्नाची बरणी घासून, पुसून, उपडी घालून ठेवली.

हॉस्पिटलमधून नीलावहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भाऊजी, गेले हो," एवढंच त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "किल्ली शेजारी आहे. आम्ही यायच्या आत हॉल तेवढा आवराल का? लोक येतील." गालाला साबण तसाच ठेवून मी त्यांच्या कर्वेनगरच्या फ्लॅटवर पोचलो. शिरीष माझा शाळेपासूनचा मित्र, पण आवराआवरीला त्या घरात मला कधी कोणी बोलावलं नव्हतं, आणि त्याला कारणं होती. त्याचा हॉल म्हणजे फायटर माशांची वसाहत. नर एकमेकांना दिसले की जिवावर उठतात, म्हणून कॉफीच्या रिकाम्या बरण्यांत एकेक मासा आणि दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठा. सोफ्याशेजारच्या टबात शेवटच्या विणीची पिल्लं होती... सुताचा तुकडा तोडून त्याला दोन डोळे लावावेत, एवढीच. टबावर काच आणि काचेला आतून घाम. गुदमरत असतील बिचारी, असं वाटून मी काच काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. बाल्कनीचं दार सताड उघडलं, पंखा लावला. जानेवारीतली सकाळ होती. स्वयंपाकघरात ओट्याखाली एका बरणीत कोबीचं पान कुजत होतं. त्याचा वास आल्यागेल्याला काय म्हणायला लावेल, या काळजीनं मी ती रिकामी केली. मग कमरेवर हात ठेवून हॉलकडे पाहिलं आणि मनात म्हणालो, बघ शिऱ्या, जमतं की मला.

हा नाद त्याला निवृत्तीनंतर लागला. त्याआधी कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यानं आयुष्यभर सरळ रेघा मारल्या. पहिली वीण झाली तेव्हा मला मुद्दाम बोलावून टबासमोर बसवलं होतं. निळा नर तोंडातून बुडबुडे काढून पाण्यावर फेसाचं घरटं बांधत होता. त्यातून एखादं अंडं निसटलं की खाली झेपावून तोंडात धरायचा, परत नेऊन फेसात चिकटवायचा. न खाता, न थांबता. "आणि बाई कुठंय?" मी विचारलं. "काढली तिला. ती अंडी खाते." आतून वहिनींचा आवाज आला, "या घरात उलटं आहे. बाई खायला घालते आणि बाप्या फेस काढत बसतो." शिरीष हसला नाही, कारण नर पुन्हा खाली गेला होता. पुढे रस्त्यावरची जंगली बदामाची वाळकी पानं गोळा करून माशांच्या पाण्यात घालायचं वेड लागलं. सोसायटीतल्या लोकांना वाटे, काकांचं डोकं फिरलंय. मी तसं सगळ्यांना सांगतही असे.

मग त्याची फुफ्फुसं कडक होत गेली. डॉक्टरांनी सांगितलं, हे मागे फिरत नाही. आधी जिना गेला, मग बाल्कनी, मग बाथरूमपर्यंतची चाल. नाकात नळी आणि सोफ्यामागे ऑक्सिजनचं मशीन, त्याच्या शेजारी टबात हवा सोडणारा छोटा पंप. दोन्हींची घरघर एकात एक मिसळलेली. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, "वीज गेली की आधी कोणतं बंद पडलं तेच मला कळत नाही. मी यांच्या छातीकडे बघत बसते." त्याही अवस्थेत त्यानं एक वीण घेतली. मी म्हटलं, आता कशाला ही उस्तवार? तो एकेक शब्द वेचत म्हणाला, "हे मासे... वरची हवा घेतात. जन्मतः येत नाही. नंतर शिकतात... पिल्लं पहिल्यांदा वर येतात ना, तेवढं बघायचंय." पुढेही काही सांगत होता. वरची हवा गार असली तर काय होतं, म्हणून काच, असं काहीतरी. मी तेव्हा पोहे खात होतो.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीत त्यानं मास्क बाजूला केला. "पद्या, पिल्लांचं..." मी लगबगीनं मास्क परत लावला. म्हटलं, "बोलू नकोस, दम लागेल. मी बघतो सगळं." त्यानं पुन्हा हात वर नेला. मी तो धरून ठेवला... त्याला धीर देतोय, अशी माझी समजूत होती.

दहनानंतर दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा वहिनी टबापाशी जमिनीवर बसल्या होत्या. काच पुन्हा टबावर होती. तळाशी सुताचे पांढरे तुकडे पडले होते. "ओट्याखालची बरणी कुठंय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, घासून ठेवलीय. "त्यात पिल्लांचं जेवण होतं," त्या म्हणाल्या. "डोळ्याला न दिसणारे जीव होतात त्या पाण्यात. ही तेच खातात. नवीन व्हायला दिवस लागतात, भाऊजी." टेबलावर शेजाऱ्यांनी आणलेला पिठलं-भात झाकून ठेवला होता. मी पोटभर जेवूनच आलो होतो; मला ते भांडं बघवेना.

इतकी वर्षं त्या कुजक्या बरणीच्या वासाला नावं ठेवणाऱ्या वहिनींनी मला अंडं आणायला पाठवलं. त्या घरात आजवर अंडं आलं नव्हतं. एकच अंडं मागितल्यावर दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते मला उबवायचंय. सुतकात त्या घरचा गॅस पहिल्यांदा पेटला तो ते उकडायला. शिरीषची थोरली बहीण अक्का दारात उभी राहिली. "नीला, सुतकात? आणि अंडं?" वहिनी पिवळ्या बलकाचा कण सुईच्या टोकावर घेत म्हणाल्या, "त्यांना सुतक नाही, अक्का. भूक आहे." अक्का आत निघून गेल्या. वहिनी रोज तशा बसायच्या, पाण्यावर कण सोडायच्या, उरलेला नळीनं ओढून काढायच्या. तळाचे तुकडे मात्र वाढतच गेले. मी रोज जायचो आणि लांबच्या खुर्चीवर बसायचो. कोणी सांगितलं नव्हतं, पण ती खुर्ची माझ्यासाठीच सरकवलेली असायची.

परवा, दोनेक महिन्यांनी पुन्हा गेलो होतो. मोठे मासे लोक घेऊन गेले. ऑक्सिजनचं मशीनही परत गेलं. आता एकट्या पंपाची घरघर येते, आणि हॉलमध्ये शिरल्यावर नजर आपोआप सोफ्याकडे जाते. खिडकीपाशी कॉफीची एकच बरणी आहे. शेजारी दुसरी नाही, तरी पुठ्ठा उभा करून ठेवलाय, शिरीष ठेवायचा तसा, किंचित तिरका. बरणीवर त्या मोठ्या काचेचा कापून घेतलेला तुकडा, त्याला आतून घाम. आत नखाएवढं, अजून रंग न धरलेलं काहीतरी खालून सरळ वर आलं, पाण्याला टेकलं आणि परत गेलं. मला नीट दिसलं नाही. पुन्हा आलं तर बघावं म्हणून मी काचेच्या कडेला बोट लावलं.

"हात खिशात ठेवा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या मदतीतून हा एकच वाचलाय."