संथ लयीतला चहा

ऑफिसात मी कथकचा मोठा रसिक म्हणून मिरवतो. प्रत्यक्षात गोमती नगरच्या सभागृहात संथ लयीतलं नृत्य सुरू झालं, की मी हळूच बाहेर चहाला सटकतो. बाहेरचा चहावाला मला ओळखून आहे. दारातून घुंगरांचा मंद आवाज आला, की तो शेगडी बारीक करतो आणि मान कलती करून ऐकत राहतो. चहा मागितला, तर बोटानेच थांबवतो.

गेल्या वेळी घुंगरांचा वेग वाढला, तसा त्याने माझ्या हातातला अर्धा कुल्हड काढून घेतला.

"जाइए साहब, चक्कर शुरू हो रहे हैं. आपको ताली बजानी है ना?"

परवाच्या कार्यक्रमाला मी हट्टाने शेवटपर्यंत बसून राहिलो. खरं सांगतो, चहाची फार आठवण आली.