वेरूळच्या कैलासातला एक जोड

बजाजनगरात राहून आम्हाला अठरा वर्षं झाली. वेरूळ इथून गाडीवर तासाभराचा रस्ता. तरी जग जे बघायला येतं ते कैलास लेणं मी आणि नवऱ्यानं मिळून कधी पाहिलं नव्हतं. दर श्रावणात घृष्णेश्वराला जायचं, रांगेत उभं राहायचं, दर्शन झालं की परत. लेण्यांचं फाटक रस्त्यावरून दिसायचं आणि आम्ही 'पुढच्या वेळी नक्की' म्हणत पुढे सरकायचो. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

यंदा डिसेंबरातल्या एका बुधवारी गेलो, त्याला कारण घडलं. आमचे हे, म्हणजे दत्तराव, वाळूजच्या एका लहानशा टूलरूममध्ये डाय बनवतात. पोलादाचा ठोकळा मशीनवर बांधायचा आणि नको तेवढं कोरून काढायचं. जो साचा उरतो त्यातून गाड्यांचे भाग निघतात. आदल्या आठवड्यात त्यांच्या हातून एका जागी जरा जास्त कोरलं गेलं. साहेब म्हणाले, वेल्डिंगनं भरून घ्या आणि त्यावरून परत कोरा. सगळीकडे असंच करतात. पण दत्तराव अडून बसले. ठिगळ लावलेला डाय माझ्या नावावर जाणार नाही, त्यापेक्षा मीच जातो, म्हणाले, आणि खरंच घरी येऊन बसले. बावीस वर्षांचं काम सोडून फुलंब्रीला भावाच्या शेतात जायचं, असं ठरवूनही टाकलं. अभिमान मला कळतो, पण अति तिथं माती. सहा दिवस ते उतरलेलं तोंड बघून मी म्हटलं, "अहो, घृष्णेश्वराला तरी जाऊन येऊ." देवाला ते कधी नाही म्हणत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

सकाळी सातला मोटारसायकलवर निघालो. वाळूजकडून येणाऱ्यांनी शहरात शिरूच नये; साजापूर-शरणापूरवरून थेट दौलताबादच्या रस्त्याला लागावं. किल्ल्याजवळची वेस अरुंद आहे, बस समोर आली तर थांबावंच लागतं. आम्ही तिथं थांबलो तेव्हा पेरूवाली भेटली. तिखट-मीठ लावलेला पेरू मी एकटीनंच खाल्ला. दत्तरावांनी हातसुद्धा लावला नाही. पुढे घाट, मग खुलताबाद, आणि उतार संपला की वेरूळ. गाडी नसेल तर मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नडकडे जाणारी एसटी पकडा.

घृष्णेश्वराला बुधवारी गर्दी कमी होती. गाभाऱ्यात पुरुषांना सदरा-बनियन काढून जावं लागतं, त्यामुळे थंडीत कुडकुडणारे नवरे बघायची हौस फिटली. बाहेर आल्यावर मी गाडी लेण्यांकडे वळवायला लावली. चाळीस-चाळीस रुपयांची दोन तिकिटं काढली आणि म्हटलं, "आता आलोच आहोत तर." मंगळवारी लेणी बंद असतात, एवढं लक्षात ठेवा.

आत पाऊल टाकलं आणि माझं बोलणं थांबलं. आमच्या घरात असं फार क्वचित होतं. फोटोत हे देऊळ मी शंभरदा पाहिलंय, पण समोर उभं राहिलं की मान वर जाते ती जातच राहते. अंगणात दगडी हत्ती, उंच ध्वजस्तंभ, आणि देवळाच्या जोत्याला हत्तींची अख्खी रांग, सगळा भार पाठीवर घेऊन उभी. एका बाजूला रावण खालून कैलास हलवतोय आणि वर पार्वती शंकराला बिलगलीय. हे सगळं एका डोंगरातून कोरून काढलेलं, चिऱ्यावर चिरा ठेवून बांधलेलं नव्हे. मला रडू आलं. का, ते विचारू नका.

दत्तराव मात्र मूर्तींकडे बघतच नव्हते. बाजूच्या कड्यावर छिन्नीच्या रेघा उमटल्या आहेत, त्यांच्याकडे त्यांची नजर लागली होती.

"वरून खाली उतरत आलेत हे," ते म्हणाले. "कळस आधी, पाया शेवटी. पण झिरो कुठं घेतला असंल?"

झिरो म्हणजे ज्या एका ठिकाणापासून सगळी मापं मोजायची तो बिंदू. मशीनवर तो चुकला की पुढचं सगळं चुकतं. सहा दिवसांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं, म्हणून मी त्यांना उजवीकडच्या पायवाटेनं डोंगरावर नेलं. चढ थोडाच आहे, पण ऊन लागतं. पाणी न्या आणि फोटोच्या नादात कडेला जाऊ नका.

वरून कळस पायाखाली येतो. मंडपाच्या छतावर मोठं कमळ आणि त्याभोवती चार सिंह, खाली खोल अंगणात मुंगीएवढी माणसं. मला वाटलं, आता हे खुलतील. ते मटकन खाली बसले.

"एवढा डोंगर. किती जणांनी, किती वर्सं खोदला. आन् कुणाचा हात घसरला नाय. मला एक ठोकळा धड जमंना."

औषध म्हणून आणलं आणि दुखणं वाढवून ठेवलं! परतू या म्हटलं. खाली आल्यावर ऊन फारच चढलं होतं, म्हणून जरा सावलीला देवळाभोवतीच्या ओवरीत टेकलो. तिथं नक्षीच्या एका खांबापाशी दत्तराव वाकले आणि मोबाइलचा उजेड पाडला.

"दादा, हात नका लावू," झाडलोट करणाऱ्या बाईंनी हटकलं.

"नाय लावत, मावशी. हितं जोड हाय का?"

"कुठं? बारा वर्सं झाली झाडतीय, मला तर नाय दिसला." मावशी झाडू टेकवून वाकल्या. "आगं बाई! व्हय की. तळहाताएवढा तुकडा हाय येगळा."

"मागाहून कुणीतरी बसवला असेल," मी म्हटलं.

"नाय. वेलाची रेघ बघ. जोडावरून सलग गेलीय. कोरून झाल्यावर बसवला असता तर रेघ तुटली असती. दगड उडाला, तुकडा बसवला, आन् त्याच्यावरूनच कोरत पुढं गेले."

जाणकार कदाचित वेगळं सांगतील, मी काही त्यातली नाही. पण दत्तराव तिथं अर्धा तास उकिडवे बसले होते. येणारेजाणारे रावणाचे फोटो काढायला धावत होते आणि हा माणूस तळहाताएवढा दगड बघत होता.

"लई मोठा कारागीर," शेवटी म्हणाले.

"कोण? देऊळ आखलं तो?"

"ह्यो जोड बसवला तो."

फाटकाबाहेरच्या ढाब्यावर पिठलं, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा खाल्ला. दोघांचे तीनशेच्या आत झाले. सहा दिवस अर्धी भाकरी ताटात टाकणाऱ्या माणसानं तीन भाकरी संपवल्या आणि कांदा परत मागितला. मी वाढत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला स्वयंपाकघरात येऊन, "डबा भर, पहिली पाळी हाय," एवढंच म्हणाले.

इतकं थोर काही आपल्या उंबऱ्यापासून तासाभरावर आहे आणि आपण अठरा वर्षं त्याच्या फाटकावरून गेलो, याची मला अजून लाज वाटते. डोळे मिटले की ती हत्तींची रांग दिसते. तुम्ही जाल तेव्हा आधी पोटभर थक्क व्हा, मग ओवरीत थोडं रेंगाळा.

दहा-बारा दिवसांनी दत्तराव संध्याकाळी घरी आले. वेल्डिंगनं भरून परत कोरलेला तो डाय तपासणीत पास झाला होता.

"जोड कळतो का हो?" मी चहा ओतत विचारलं.

"नाय कळत. साहेबाला पण सापडला नाय." त्यांनी बशी पुढे ओढली. "मग मीच बोट ठेवून दाखवला."