देवीच्या घरात सुई

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आर्णीजवळच्या आमच्या गावात देवीची साथ आली आणि माझ्या सुनेच्या अंगावर फोड उठले. तिला आठवा महिना होता. मी रोज देवळात जाणारी बाई, पण त्या दिवशी देवीवर खरोखर चिडले. दोन जिवांच्या पोरीकडेच यायचं सुचलं का तुला?

चिडले तरी रीत मोडली नाही. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला, फोडणी बंद केली, सुई-कात्री पेटीत कुलपात टाकली. देवी घरात आहे तोवर सुनेला नावाने हाक मारायची नाही. ती 'आई', आणि तिच्या तोंडून निघेल तो शब्द देवीचा. दहाव्या दिवशी ती वेळेआधीच बाळंत झाली. मुलगी मूठभर होती, पण अंगावर एकही फोड नव्हता. साथीत गावातली अशी दोन बाळं आधीच गेली होती. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दवाखान्यातली एक अनोळखी बाई टोचायची पेटी घेऊन दारात उभी राहिली. तिचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला होता.

"बाळाले आजच टोचा लागते, माय."

"देवीच्या घरात सुई? मले पाप लावतं काय?"

"माहं पहिलं लेकरू असंच गेलं," ती म्हणाली. "माह्या सासूनंबी दार लावलं होतं."

मी दार लावलंच. तेवढ्यात आतून आवाज आला. तीन दिवस पाण्याखेरीज काही न मागितलेली सून बोलत होती, "दार उघडा. माह्या लेकीले टोचू द्या."

देवीचा शब्द! दार उघडून मी स्वतः बाळाला त्या बाईच्या मांडीवर ठेवलं.

आठवड्याभरात दंडावरचं टोचलेलं पिकलं, दुसरा फोड उठला नाही. सून उठली, चेहऱ्यावर व्रण घेऊन का होईना, पण उठली. ती बाई पुन्हा कधी दिसली नाही.

नात चालायला लागल्यावर मी सुनेला विचारलं, त्या दिवशी देवी काय बोलली ते आठवतं का? ती खाली बघून हसली. "आत्याबाई, मी शुद्धीवर होती. तुमी माहं ऐकलं नसतं, देवीचं ऐकान हे मले माहीत होतं."

मी खूप रडले. देवीचे उपकार कमी झाले असं मला मुळीच वाटलं नाही; ती कुणाच्या तोंडून बोलते हे मी ठरवणारी कोण? अजून दर मंगळवारी देवळात जाऊन तिच्या पायावर डोकं ठेवते. आणि घरी आले की सुनेचं ऐकते, देवी अंगावर नसतानासुद्धा.