शताब्दीच्या आठवड्यातलं पाणी

आमच्या गल्लीत त्याला सगळे चावीवाला म्हणतात. कुलपांशी त्याचा काही संबंध नाही. तो नगरपालिकेच्या पाणी खात्यात आहे. खांद्यावर कमरेइतकी लांब लोखंडी चावी टाकून फिरतो, रस्त्यातली झाकणं उचलतो आणि ती चावी फिरवून या भागाचं पाणी सोड, त्या भागाचं बंद कर, हे काम करतो. शहरात नगराध्यक्षांना न ओळखणारी माणसं सापडतील, याला न ओळखणारी बाई सापडणार नाही. माणूस सरळ. कुणाच्या चहालाही मिंधा नाही. म्हणूनच तो आठवडा त्याच्या जिव्हारी इतका लागला.

नगरपालिकेला शंभर वर्षं झाली म्हणून सात दिवसांचा उत्सव ठरला होता. रोषणाई, मिरवणूक, मुलांची कवायत, भाषणं तर विचारूच नका, आणि चौकात नवं कारंजं. कारंज्याला दाब लागतो आणि टाकीत पाणी असतं तेवढंच. साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "संध्याकाळी कारंजं जोरात उडालं पाहिजे. दिवसा टाकी भरू दे. टेकडीवरच्या लोकांना रात्री सोड, कारंजं बंद झाल्यावर. विसरू नकोस."

"विसरतोय कसला साहेब, माझी बहीणच राहते तिथे," तो म्हणाला.

ही त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. लोकांचे कपडे शिवून शाळेत घातलं, आणि या नोकरीसाठी साहेबांच्या दारात त्याला हाताला धरून उभं केलं तेही तिनेच. त्याची ती ताई, आणि त्याच्यामुळे टेकडीवरच्या सगळ्यांचीच ताई.

पहिल्या दिवशी त्याची खरंच चूक नव्हती. दिवसभर पाइप ओढून माणूस दमला होता. जेवला, जरा आडवा झाला, तो सकाळीच उठला. टेकडीला पाणी गेलं नाही. न सोडलेलं ते पाणी टाकीतच राहिलं. चौकाकडे जाणारी मोठी लाइन नेमकी आमच्या गल्लीतून जाते. एरवी पहाटे तासभर मुसमुसणारे आमचे नळ दुसऱ्या दिवशी भर दुपारी धो धो वाहत होते.

चावीवाल्याचं घरही आमच्याच गल्लीत. त्याच्या बायकोला आधी खरंच वाटेना. लग्न झाल्यापासून तिचं आयुष्य पिंपं आणि बादल्या भरण्यात गेलेलं. तिने पडदे उतरवले, फरशी घासली, सासऱ्यांना टबात बसवून न्हाऊ घातलं. न्हाणीघरात हौसेने बसवलेला एक शॉवर होता. आजवर त्यातून फक्त कोळी बाहेर आला होता. त्या दिवशी ती त्याच्याखाली इतका वेळ उभी होती, की चावीवाल्याने दार वाजवून विचारलं, "आहेस ना गं?" आतून गुणगुणणं ऐकू आलं. कित्येक वर्षांत त्याने ते ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी तो चावी घेऊन निघाला तेव्हा ती म्हणाली, "आज वर सोडलंत तर उद्या आपला नळ कोरडा ना? रजया काढल्यात हो मी धुवायला. एक दिवस राहू द्या की."

"एका दिवसाने काय होतंय," असं म्हणून त्याने चावी भिंतीला टेकवली. खरी चूक ही. मग चादरी निघाल्या, मग पोरांची दप्तरं, बूट, मग नुसतंच दुपारी पाय पाण्यात सोडून बसणं. रोज काहीतरी निघत गेलं आणि चावी भिंतीलाच राहिली. मी तरी कुठला शहाणा? त्या दिवसांत मी स्कूटर दोनदा धुतली आणि पाणी कुठून येतंय हे एकदाही विचारलं नाही.

टेकडीसाठी टँकर येणार होते, ते मिरवणुकीचा रस्ता धुण्यात गुंतले. बायका पायथ्याच्या हातपंपावरून कळश्या चढवू लागल्या. चावीवाला त्या रस्त्याने जाईनासा झाला, लांबच्या वळशाने कामावर जायला लागला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. अंगावर पाणी घेताना आपण चोर आहोत असं वाटायचं, हे त्यानेच मला सांगितलं. कळत होतं, वळत नव्हतं.

मिरवणुकीच्या दिवशी ताई गुडघे सावरत खाली उतरली आणि भावाकडे आली. त्याच्या बायकोने घाईने नळ बंद केला. ताईने तोंड धुतलं, मानेवरून ओला हात फिरवला, भाच्यांची चौकशी केली. "एक कॅन भरून देऊ का, ताई?" बायकोने विचारलं.

"नको गं, चढवणार कोण," ताई म्हणाली. तिने चहा घेतला आणि मिरवणूक बघून गेली. चावीवाला समोर बसून होता. 

शेवटच्या दिवशी सकाळी तो दाढी करायला बसला होता. न्हावी टेकडीवरचाच. वस्तरा गालावर ठेवून तो म्हणाला, "आज आमच्या बायका रिकामे हंडे घेऊन समारंभात शिरणार होत्या. तुमच्या ताईंनी अडवलं. म्हणाल्या, चावी माझ्या भावाच्या हातात आहे, खाली पाणी असतं तर त्याने आधी आपल्याला सोडलं असतं."

अर्ध्या दाढीनेच तो उठला. भर दिवसा त्याने टेकडीची चावी पूर्ण उघडली. गल्लीतले नळ खाकरून गप्प झाले. संध्याकाळी नगराध्यक्षांच्या भाषणानंतर कारंजं गुडघ्याएवढं उडालं आणि बसलं. लोक हसले. साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं, उद्या खुलासा घेऊन ये म्हणाले. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि तिथून थेट टेकडीवर गेला.

तिथे खरा उत्सव चालला होता. दारोदार पाणी भरणं सुरू होतं. जो तो त्याच्या पाठीवर थाप मारत होता. ताई जिन्याच्या पायरीशी बादली लावून बसली होती.

"ताई, पाणी होतं," तो म्हणाला. "रोज होतं. मी सोडलं नाही."

"ठाऊक आहे," ती बादलीवरची नजर न काढता म्हणाली. "तुझ्या अंगणात रजया वाळत होत्या. एवढं पाणी कुठून आलं, ते मला कळत नाही होय?"

"मग लोकांना तसं का सांगितलंस?"

"मला वाटायचं, आज सोडशील. रोज वाटायचं. म्हणून नळ उघडा ठेवून निजत होते."

त्याला रडू फुटलं. ती त्याला जवळ घेईल असं त्याला वाटलं होतं. लहानपणापासून तसंच होत आलेलं. तिने भरलेली बादली त्याच्याकडे सरकवली. "वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या आहेत, त्यांना नेऊन दे. आणि त्यांना काही सांगू नकोस. आता त्यांच्यासमोर मला खोटी पाडू नकोस."

अंधार पडेपर्यंत तो बादल्या चढवत होता. प्रत्येक दारात त्याला आशीर्वाद मिळाला, आणि ताई खाली बसून प्रत्येक आशीर्वाद ऐकत होती.