मार्था सिस्टरची कडी

मार्था सिस्टर गेल्या त्याच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या उशाशी बसले होते. निवृत्तीनंतर त्या कळंबला माझ्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायला आल्या होत्या. पोटाच्या कॅन्सरनं बाईंचं पार चिपाड झालं होतं... बाहेर गाडी थांबली, चपला काढल्याचे आवाज आले. खिडकीतून पाहिलं तर त्यांच्या चर्चची माणसं, आणि सगळ्यांच्या पुढं काठी टेकत बेंजामिनअण्णा, त्या मंडळीतले सर्वांत जुने आणि मानाचे 'वडील', म्हणजे चर्चचे पंच. "कोन हाय?" सिस्टरनी विचारलं. म्हटलं, अण्णा आलेत, प्रार्थना करायला. सकाळपासून पाणी मागायलाही ज्यांच्यात त्राण नव्हतं, त्यांचा आवाज एकदम ड्युटीवरचा झाला. "कुंदे, कडी लाव." मी आतून कडी लावली. म्हातारा माणूस उंबऱ्यापर्यंत आलेला आणि मी त्याच्या तोंडावर दार लावलं, पण खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली नाही. "म्हनावं, भाईरूनच करा," सिस्टर पुटपुटल्या, "द्येवाला ऐकू जातं." त्या सगळ्यांनी ओसरीवर उभं राहून प्रार्थना केली आणि गाडीत बसून गेले. सिस्टरचं ते शेवटचं बोलणं.

दफनविधीला आलेल्यांपैकी काहींनी मला बाजूला घेऊन विचारलं, एवढी देवभीरू बाई, मरणाच्या दारात प्रार्थना नाकारते म्हणजे काय? बुद्धविहारात जाणाऱ्या माझ्यासारखीच्या संगतीनं बिघडली, असंही एक जण म्हणाला, तेही मला ऐकू जाईल अशा बेतानं. त्याला तिथंच चार शब्द सुनावणार होते, पण उघड्या कबरीपाशी भांडण नको म्हणून गिळले. ते आता इथं लिहिते. त्या चर्चच्या गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी तालुक्यातल्या एका सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून लागले तेव्हा मार्था सिस्टर तिथं ज्येष्ठ नर्स होत्या, मुख्य पुढं झाल्या. मूळच्या राजुरीच्या. आमचे दोघींचे आजोबा एकाच वस्तीतले. त्यांच्या आजोबांनी मिशनची वाट धरली, आमच्यांनी पुढं छप्पनच्या नंतर बुद्धाची. "तुमी उशिरा सुटलात गं," असं त्या मला चिडवायच्या. मी म्हणायचे, "उशिरा सुटलो, पण कुणाच्या शिफारशीवर नाही सुटलो!" त्यावर मोठ्यानं हसायच्या. शिफारशीचं खरंच होतं. बेंजामिनअण्णा तेव्हा मिशनच्या शाळेत हेडमास्तर. त्यांच्या शब्दावर या पोरक्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, आणि हे त्या कधी विसरल्या नाहीत, अण्णांनीही विसरू दिलं नाही.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. जळालेल्या सुना यायच्या आमच्याकडे. पुण्याला हलवण्यासारख्या असल्या तर हलवायचो, नसल्या तर इथंच, अंगावर चादर टेकू नये म्हणून लोखंडी पाळणा ठेवून. नायब तहसीलदार जबाब घ्यायला यायचे, पेशंट शुद्धीवर आहे असं डॉक्टर सांगायचे, आणि खाटेच्या पायथ्याशी सासर उभं असायचं. नुसतं उभं. कुणी काही बोलायचं नाही, बोलायची गरजच नसे. मग ती पोर म्हणायची, "स्टोव्हचा भडका उडाला." प्रत्येक पोर तेच म्हणायची, जणू सगळ्या जणींना एकच धडा पाठ दिलेला.

मार्था सिस्टरनी मुख्य झाल्यावर हे मोडलं. कायद्यात असो नसो, जबाब होईस्तोवर वॉर्डात घरचं माणूस नको. सगळ्यांना बाहेर काढून त्या स्वतः आतून कडी लावायच्या, पेशंटच्या उशाशी पांढरं लोखंडी स्टूल ओढून बसायच्या आणि तिच्या कानात सांगायच्या, "आता फकस्त आमी हाओत. बोल बाळा." पंचायत समितीतलं एक मोठं प्रस्थ एकदा अडून बसलं. "सिस्टर, ओळखलं नाय का मला?" "ओळखलं की राव," सिस्टर म्हणाल्या, "म्हनूनच भाईर." तो खरोखर गेला. मी चाटच पडले. सिस्टर म्हणाल्या, "ह्याच्या आंगनात माझ्या आईला उभं ऱ्हाता आलं नसतं. पांढऱ्या कपड्यांमुळं तो माझं ऐकतो. मग हे कपडे कशाला घालायचे, नुसते इस्त्री करायला? ज्याच्या हातात कडी दिलीय, त्याला द्येव कडीबद्दल इचारनार. उपासनेला किती येळा आलास ते मागनं."

असं बोलणारी ही बाई... आणि तिच्याच हातून ते घडलं.

करुणा ही अण्णांची सून. बाप नाही, आई कांद्याच्या वावरात मजुरी करणारी. रविवारच्या शाळेत सिस्टरनीच तिला गाणी शिकवलेली, त्यामुळं ती त्यांना मावशी म्हणायची. भर दुपारी तिला आणलं तेव्हा वॉर्डभर रॉकेलचा वास पसरला. चेहरा तेवढा वाचला होता. घरी अंगावरची मुलगी, नुकती बसायला लागलेली. सिस्टरनी ड्रेसिंग केलं, सलाईन लावलं, सवयीप्रमाणं नवऱ्याला आणि सासूला बाहेर घालवलं. मी पलीकडच्या बाजूनं चादर धरून होते. करुणानं विचारलं, "मावशी, अण्णा आहेत का बाहेर?"

सिस्टरना वाटलं, पोर धीर शोधतेय. मंडळीत कुणी आजारी पडलं की अण्णांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, हा तिथला रिवाज. लहान पोरंसुद्धा ताप आला की अण्णांना बोलवा म्हणायची. "हायेत गं बाई, भिऊ नगंस," सिस्टर म्हणाल्या. तेवढ्यात दारावर टकटक झाली. हातात बायबल घेऊन अण्णा उभे. "मार्था, पाच मिनिटं. लेकराला प्रभूच्या हाती सोपवू दे." नायब तहसीलदार मागून येतच होते. पंचायत समितीच्या प्रस्थाला बाहेर काढणाऱ्या सिस्टरनी डोक्यावरचा पदर सारखा करावा तशी टोपी सारखी केली आणि बाजूला झाल्या.

अण्णांनी करुणाच्या कपाळावर हात ठेवला. डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना केली, "प्रभू, हिच्या घराला राख, हिच्या लेकराला सांभाळणारे आम्ही आहोत..." आमेन झालं. हात मात्र कपाळावरच राहिला. साहेबांनी विचारलं तेव्हाही तो तिथंच होता, पांढरा, स्वच्छ, नखं कापलेला हात. करुणा वर बघत म्हणाली, "स्टोव्हचा भडका उडाला." झालं. साहेब गेले, अण्णा गेले. मग तिनं मान वळवली. "मावशी, आता माझ्या छकुलीला नीट सांभाळतील ना? मी त्यांच्या मनासारखं बोललेय." आणि मग सांगितलं. सासूनं रॉकेल ओतलं, नवऱ्यानं काडी ओढली, अण्णा पडवीत खुर्चीवर बसलेले होते. सिस्टर धावत फाटकापर्यंत गेल्या, जीप निघून गेली होती. साहेब दुसऱ्यांदा यायच्या आत करुणा गेली.

सिस्टर स्टुलावर बसून राहिल्या. मी खांद्याला हात लावला तर म्हणाल्या, "ती मला सांगत व्हती गं, त्येंना आत घेऊ नगा. आन् मी तिला म्हनले, भिऊ नगंस." त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली... मी हात धरला. तसली अवस्था मी पुन्हा कुणाची पाहिली नाही.

पोलिसांना त्यांनी सगळं सांगितलं. अण्णा त्यांच्या क्वार्टरवर आले, मी तिथंच होते. रागावले नाहीत, ते कधीच रागवायचे नाहीत. म्हणाले, "मार्था, मंडळीची अब्रू चव्हाट्यावर जाईल. आधीच आपण मूठभर. तुला मी उभं केलं, हे विसरलीस?" सिस्टरनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. "न्हाई इसरले अण्णा. तुमी उभं केलं. आता उभी ऱ्हाऊ द्या." पुढच्या रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ आली, जिथं एरवी बायका ताप उतरल्याचं, पोरगं पास झाल्याचं सांगतात, तिथं त्या उठल्या. मी मागच्या बाकावर बसले होते, आयुष्यात पहिल्यांदाच चर्चमध्ये. "माझ्या हातात कडी व्हती," त्या म्हणाल्या, "परक्यांना मी ती कधी उघडली न्हाई. आपल्या मानसाला उघडली..." पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं, पेटी वाजायला लागली, सगळे उठून गाऊ लागले. सिस्टर त्या गाण्यातच बोलत राहिल्या. मला ओठ दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. पण त्यांनी बोलणं पुरं केलं आणि मगच खाली बसल्या.

कोर्टात वकिलानं विचारलं, "एवढ्या शिस्तीच्या तुम्ही, मग त्या दिवशी दार उघडलंत कसं?" "त्येंनी द्येवाचं नाव घेतलं सायेब," सिस्टर म्हणाल्या, "आन् मंडळीतल्या मानसाला मी सासरा समजले न्हाई." नायब तहसीलदारांसमोरचा जबाबच शेवटी ग्राह्य धरला गेला. सगळे सुटले. अण्णा वडील म्हणून पहिल्या बाकावर बसत राहिले, त्यांनी दिलेले पंखे चर्चमध्ये फिरत राहिले, आणि चर्चच्या भगिनी मंडळाच्या अध्यक्षपदावरून सिस्टरना काढलं. त्या जायच्या मात्र दर रविवारी. बाकावर त्यांच्याशेजारी कुणी बसायचं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, कशाला मरायला जाता त्या लोकांत? तर म्हणाल्या, "द्येव त्येंच्या एकट्याचा हाय का?" वॉर्डात नियम आणखी कडक झाला. जबाबाच्या आधी पाळक नको, भगत नको, अंगारा नको, तीर्थ नको. "द्येवाला जबाबानंतर बोलवा," असं सरळ सांगायच्या. पश्चिमेकडच्या डोंगरातली एक भातशेतीवाल्यांची सून त्या बंद दाराआड खरं बोलली आणि तिचं खरं कोर्टात टिकलं. मी पेढे आणले तर सिस्टरनी हातात घेऊन तसेच ठेवले. "करुनाचं न्हाई टिकलं," एवढंच म्हणाल्या. पुढं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं... काही आनंदाचं झालं की ऐकायचे.

करुणाची मुलगी अण्णांच्याच घरात वाढली. नाव आशा. सिस्टर तिला लांबून बघायच्या, नाताळाला फ्रॉक पाठवायच्या, तो परत यायचा. तिच्याशी बोलायची त्यांची हिंमत झाली नाही. पोर लहान आहे, तिला त्याच घरात जेवायचंय, असं म्हणत राहिल्या, आणि म्हणता म्हणता स्वतःच गेल्या.

गेल्या आठवड्यात मी सिस्टरच्या खोल्या आवरत होते. रुग्णालयात मोडीत काढलेलं ते पांढरं स्टूल त्यांनी मागून आणलं होतं, ते पुसत होते. दारात शाळेच्या गणवेशातली मुलगी उभी राहिली. दहावीला असेल. तोंडवळा डिट्टो करुणाचा. घरी क्लासचं सांगून एसटीनं आली होती. स्टुलावर टेकली, बराच वेळ दप्तराचा पट्टा पिळत राहिली.

"मावशी, घरात सगळे म्हणतात आई धांदरट होती. तिला साधा स्टोव्ह पेटवता यायचा नाही. मला पण गॅसपाशी जाऊ देत नाहीत, आईवर गेलीय म्हणतात." तिनं मान वर केली. "मार्थाआजीशी ती शेवटचं बोलली होती ना? खरंच धांदरट होती का हो?"

कुठून सुरू करावं, तिच्या बापाचं नाव या पोरीसमोर कसं उच्चारावं, काही सुधरेना. मी नुसती दाराकडे बघत राहिले.

आशानं माझ्या नजरेमागून दाराकडे पाहिलं. उठली, आतून कडी लावली आणि परत येऊन स्टुलावर बसली.

"सांगा," ती म्हणाली.