जाळीचे कच्चे टाके

शिंपीकाका सुई ओठांत धरून बोलत. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत. कोंबड्यांना “अहो बाई” म्हणत.

परसातल्या त्यांच्या जुन्या कोंबड्या अंगाने किडकिडीत, पण तोंडाच्या तिखट. त्यांच्यात काकांनी दोन थोराड, स्वभावाने गरीब कोंबड्या आणून सोडल्या. जुन्यांनी पहिल्याच दिवशी एकीची मान टोचून रक्तबंबाळ केली. मग काकांनी खुराड्यात मधोमध जाळी शिवली, तीही कच्च्या टाक्यांनी.

“पक्की शिवा ना, काका,” शेजारची मुलगी म्हणाली. सगळी गल्ली तिला काकांची मैत्रीण म्हणायची.

“अगं, उसवायचीच आहे ती. रोज थोडी. सासवांना सुनांची सवय व्हायला नको?”

“आणि परत टोचलं तर?”

“परत टाके घालू. शिंपी कशाला झालो मग?”

काल दुपारी मशीनवर बसल्या बसल्याच काका गेले.

आज दाणे टाकायला ती परसात आली. जाळी अर्धी उसवलेली होती. त्या फटीतून थोराड कोंबडीने मान घालून जुन्यांच्या भांड्यातले दाणे टिपले. कुणी टोचलं नाही.

तिने दोऱ्याचं टोक हातात धरलं. ओढवेना. उरलेले टाके तसेच राहिले.